चौदा नंबरच्या खाटेची ओव्हर

“थांबा, माझं मी सांगणार.”

असं म्हणून सोजर खाटेवर उभी राहिली. इस्पितळाचा झगा तिला दोन मापं मोठा होता. तो तिने एका हाताने पोटाशी गोळा करून धरला आणि दुसऱ्या हाताची पाचही बोटं आमच्यापुढे पसरली. खाटेभोवती आम्ही चौघी उभ्या होतो. सकाळपाळी संपवून निघालेली मी, दुपारपाळीला आलेल्या भांबळ सिस्टर, आणि दोन शिकाऊ मुली. त्या दोघींना आधीच हसू फुटायला लागलं होतं.

“अंगठा, म्हणजे नाव. सोजर किसन ढोबळे, वय नऊ, खाट चौदा, आजार साखरेचा.” तिने अंगठा मिटला. “दुसरं बोट सुईचं. बारा वाजता, डाव्या दंडात, ह्या वाघचौरे बाईंनी दिली. मधलं बोट जेवणाचं. सगळं जेवले. चौथं बोट रंगाचं.” इथे तिचा आवाज जरा पडला. “पिवळा.”

“आणि करंगळी?” मी विचारलं.

“करंगळी म्हणजे मला कसं वाटतंय. मस्त वाटतंय. ओव्हर संपली.”

शिकाऊ मुलींनी टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या खाटेवरचा प्लास्टरमधला पोरगाही एका हाताने उशी बडवायला लागला. भांबळ सिस्टर मात्र तशाच उभ्या होत्या. आमच्या इस्पितळात बदलून येऊन त्यांना चारच दिवस झाले होते.

“छान सांगितलंस,” त्या सोजरला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आता तुम्ही सांगा, सिस्टर.”

“काय सांगू?”

“हिची ओव्हर.”

“अहो, ती आत्ता काय देत होती मग? कीर्तन करत होती का?”

मुली खो-खो हसल्या. सोजरही हसली. भांबळ सिस्टर हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्यांनी काखेतली वही उघडली आणि पेन्सिलीने पानाच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, ‘पाहिलेलं’. उजवीकडे लिहिलं, ‘ऐकलेलं’. सोजरने सांगितलेलं सगळं त्यांनी उजवीकडे उतरवलं. डावीकडे फक्त सुईची वेळ, तीही केस पेपरवरची माझी सही बघून.

“कोर्टात साक्ष द्यायची आहे का, भांबळबाई?” मी म्हणाले.

“आमच्या मिशनच्या दवाखान्यात असंच शिकवायचे,” त्या म्हणाल्या आणि पंधरा नंबरच्या खाटेकडे वळल्या.

ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळातला लहान मुलांचा वॉर्ड होता, खाटा चोवीस. ज्यांनी इस्पितळ आतून पाहिलेलं नाही त्यांना ओव्हर म्हणजे काय ते सांगायला हवं. एका पाळीची नर्स घरी जायला निघते तेव्हा ती वॉर्ड दुसऱ्या पाळीच्या नर्सच्या हाती सोपवते. दोघी मिळून खाटेखाटेपाशी थांबतात. कोण आहे, काय दिलं, काय झालं, काय करायचं राहिलं, हे पहिलीने सांगायचं आणि दुसरीने घ्यायचं. नातेवाइकांना त्या वेळी बाहेर काढतात. मधल्या पाच मिनिटांत पेशंट कुणाचा नसतो, म्हणून ती पाच मिनिटं डोळ्यांत तेल घालून पार पाडायची असतात. मी हे शिकाऊ मुलींना दर वर्षी सांगायचे. शिकवायची मला फार हौस होती, आणि येत होतं म्हणूनच हौस होती, हेही कबूल करायला हरकत नाही.

सोजरला ओव्हर द्यायला मीच शिकवलं. त्यामागे कारण होतं. तिला रोज तीन वेळा इन्सुलिनची सुई लागायची आणि ती जन्मभर लागणार होती. तिच्या आईला, केवळाबाईला, अक्षर ओळखता येत नव्हतं. बापाला डोळ्यांनी कमी दिसायचं. गावात दवाखाना नाही. म्हणजे उद्या घरी गेल्यावर या पोरीला आपली आपण सुई टोचावी लागणार, आपलं आपण तपासावं लागणार आणि काही बिघडलं तर कुणाला तरी नीट सांगावं लागणार. म्हणून मी तिला पाच बोटं शिकवली. सुई, मग अर्ध्या तासात जेवण, मग तपासणी.

तपासणी तिला सगळ्यात आवडायची. तेव्हा बोटाला टोचून साखर बघायची यंत्रं आमच्याकडे नव्हती. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर औषध निळंच राहतं. थोडी असली तर हिरवं होतं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फार असली तर विटेसारखं लाल. सोजर नळीकडे असं टक लावून बघायची की तिच्या पापण्या हलायच्या नाहीत.

“बाई, ह्ये पिवळं कशानं झालं?”

“तू खाल्लंस त्याची साखर झाली. सुईने ती सगळी आवरली नाही. उरली ती इथे उतरली.”

“म्हंजी खाल्ल्यावर रंग बदलतो?”

“खाल्ल्यावर बदलतो आणि सुईने परत येतो. दोघांचं जमलं की निळा.”

असं सोपं करून सांगितलं की पोरांना पटकन समजतं. तिला समजलं.

डॉक्टर निरगुडकरांनी एक दिवस राउंडला तिची ओव्हर ऐकली आणि ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी दोन डॉक्टरांना मुद्दाम घेऊन आले. जाताना सोजरच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, “लागोपाठ तीन दिवस निळा दाखव, की घरी पाठवतो तुला. ओव्हर तिथे बकऱ्यांना दे.”

“आमच्यात बकऱ्या न्हाईत,” सोजर म्हणाली. “म्हस हाय.”

“मग म्हशीला दे.”

सगळे हसले. केवळाबाई भिंतीशी उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसली. तिचं अकरा महिन्यांचं तान्हं घरी जावेपाशी होतं. महिना होत आला होता. अंगावरचं दूध आटल्याचं तिने मला एकदाच सांगितलं होतं, तेही दुसरीकडे बघत. इस्पितळाचं जेवण फक्त पेशंटला मिळायचं. गावाकडून कुणी आलं तर केवळाबाईला भाकऱ्या मिळायच्या, त्या ती तीन-तीन दिवस पुरवायची. हे मला माहीत होतं. सगळ्याच आयांचं तसंच चालायचं.

पहिला निळा आला तेव्हा सोजर नळी हातात घेऊन वॉर्डभर फिरली. दुसऱ्या दिवशी हिरवट-निळा आला. मी म्हटलं, चालेल, निळाच धरू. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

एप्रिलचा शुक्रवार. पत्र्याचं छप्पर तापून वॉर्डची नुसती भट्टी झाली होती. त्या दिवशी सकाळीच गॅस्ट्रोची तीन मुलं लागोपाठ आली. तिन्हींच्या शिरा सापडेनात. बाराला मी धावत येऊन सोजरला सुई दिली, जेवणाचं ताट तिच्या खाटेवर ठेवलं आणि म्हटलं, “सोजर, सगळं संपवायचं हं.”

“व्हय बाई. तुमी जावा.”

मी गेले. परत तिच्याकडे वळले ती दीड वाजता, नळी तापवायला. ताट रिकामं होतं. लख्ख, चाटूनपुसून. औषध निळं राहिलं, स्वच्छ निळं. सोजरने नळी माझ्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरली. बोलली मात्र नाही. मला वाटलं, आनंदाने गप्प झाली.

दोनला ओव्हर सुरू झाली. आया बाहेर गेल्या. चौदा नंबरपाशी आलो तेव्हा सोजर नेहमीसारखी उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम होता. घाम सगळ्यांनाच आला होता, माझी तर पाठ ओली झाली होती. तिने बोटं पसरली. बोटं जराशी थरथरत होती. तीन दिवस पुरे झाले म्हणून थरथरत असतील, असं मी मनात म्हटलं. मला स्पष्ट आठवतं, मी असंच म्हटलं.

“अंगठा. सोजर किसन ढोबळे, वय नऊ. सुई बारा वाजता, उजव्या दंडात. जेवण सगळं.” ती थोडी थांबली. “रंग निळा! करंगळी मस्त.”

टाळ्या पडल्या. प्लास्टरवाल्याने उशी बडवली. भांबळ सिस्टरांनी वहीत रेघ ओढली आणि मला विचारलं, “जेवताना हिला कुणी पाहिलं?”

रोज त्या हेच विचारायच्या. रोज मी काहीतरी टोमणा मारायचे आणि त्या उजवीकडे लिहायच्या. त्या दिवशी मी थकले होते, पाय दुखत होते. आणि सोजर माझ्याकडे बघत होती. एवढं सगळं नीट करून दाखवल्यावर पोरीला खोटं पाडल्यासारखं विचारतात, याचा मला राग आला.

“मी पाहिलं,” मी म्हणाले.

“तुम्ही स्वतः?”

“मी स्वतः. समोर बसून. प्रत्येक घास मोजून. झालं समाधान?”

“तसं नाही, सिस्टर. पाहिलं असेल तर उत्तमच,” भांबळ सिस्टर म्हणाल्या. आणि त्यांनी डावीकडे लिहिलं, ‘जेवण पूर्ण’.

मी घरी गेले. घर म्हणजे इस्पितळाच्या मागेच, नर्सेसची चाळ. आंघोळ करून पडले. पाच वाजता एक शिकाऊ मुलगी दारात आली, धापा टाकत.

“बाई, चौदा नंबर उठत नाहीये.”

मी तशीच पळत गेले. सोजरच्या भोवती गर्दी होती. तिची दातखीळ बसली होती, एक पाय झटके देत होता, झगा घामाने अंगाला चिकटला होता. डॉक्टर निरगुडकर शिरेतून ग्लुकोज देत होते. झटके थांबले. आम्ही सगळे वाट बघत राहिलो, की आता डोळे उघडेल. साखर उतरून बेशुद्ध पडलेलं मूल ग्लुकोज दिल्यावर उठून बसतं, पाणी मागतं. मी कितीदा पाहिलं होतं. सोजर उठली नाही. डोळे अर्धे उघडे राहिले. पण त्यांत ती नव्हती.

“किती वेळ अशी होती?” डॉक्टरांनी विचारलं.

“तीनला बघितलं तेव्हा झोपली होती,” भांबळ सिस्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “श्वास नीट होता. उठवावं असं वाटलं होतं मला. पण जेवलेली होती, म्हणून झोपू दिलं.”

“जेवलेली होती हे कशावरून?”

त्यांनी वही पुढे केली. डॉक्टरांनी वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, “बाराची सुई घेतली, पूर्ण जेवली, आणि तरी साखर एवढी उतरली? सिस्टर, तुमच्या पाळीत तिला आणखी सुई दिली का कुणी? चुकून? खरं सांगा.”

“नाही, डॉक्टर.”

“मग हे कसं झालं?”

मी शेजारीच उभी होते. मला बोलता आलं असतं. पण मी मनाशी म्हटलं, ताट तर रिकामं होतं. पोरगी जेवलीच होती, फक्त मी पाहिलं नव्हतं. एवढ्याने काय फरक पडतो? असं म्हणत मी उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, “उद्या दोनला मी येतो. दोन्ही पाळ्या हजर राहा. मला वर लिहून पाठवावं लागेल.” कुणाविरुद्ध लिहून पाठवणार ते सगळ्यांना कळलं.

शनिवारी सकाळी मी कामावर आले तेव्हा केवळाबाई खाटेपाशी जमिनीवर बसून सोजरचे पाय चोळत होती. सोजरच्या नाकात नळी होती. मी अंग पुसायला घेतलं. केवळाबाई मदत करायला उठली आणि आपणहून बोलायला लागली. एरवी ती फार बोलायची नाही.

“उठंल ना ओ बाई?”

“बघू या.”

“काल किती चांगली व्हती. बाई, तुमाला सांगते, काल पोरीनं मला जेवू घातलं.” तिच्या तोंडावर एकदम उजेड आला. “खिडकीपशी बलिवलं आन् म्हनली, आये, माझं झालंय, आज मला दोन ताटं आली, ह्ये तुझं. मी नगं म्हनले. तर आपल्या हातानं घास घातला तोंडात. पयला घास तिनं घातला. म्हनली, मुकाट्यानं खा, बाई रागवतील. तुमच्यावानीच बोट करून म्हनली.”

माझ्या हातातला फडका तसाच राहिला.

“अशी गोड पोर हाय,” केवळाबाई म्हणाली. “महिन्यानं पोटभर जेवले बगा काल.”

ती खाली वाकून पुन्हा पाय चोळायला लागली. मी बादली उचलली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. दोन ताटं कधीच कुणाला येत नव्हती. खाल्ल्यावर रंग बदलतो. हे तिला मीच सांगितलं होतं.

त्या दिवशीची सकाळ मी कशी काढली ते आठवत नाही. एवढं आठवतं, की अकराच्या सुमारास मी ठरवलं, सगळं सांगायचं. भांबळ सिस्टरांची नोकरी जाणार होती. ज्या बाईने मला रोज बरोबर प्रश्न विचारला, तिच्यावर मुलीला जास्तीची सुई दिल्याचा डाग बसणार होता. कालची ओव्हर जिथे खोटी दिली, तिथेच, त्याच माणसांसमोर, ती खरी करायची. कार्यालयात जाऊन डॉक्टरांना एकट्याला सांगणं मला पळवाट वाटली. मी मनातल्या मनात शब्द जुळवले. मुलींना शिकवायचे तसे. कोण, काय दिलं, काय झालं, काय चुकलं.

दोन वाजले. आयांना बाहेर काढलं. डॉक्टर निरगुडकर आले. भांबळ सिस्टर वही घेऊन उभ्या होत्या. रात्रभर डोळा लागला नसावा, असा चेहरा होता. खाट चौदा आली. त्या खाटेची ओव्हर माझ्या तोंडून देण्याची महिन्याभरातली ती पहिलीच वेळ होती.

मी हात मागे बांधले आणि बोलायला सुरुवात केली.

“सोजर किसन ढोबळे, वय नऊ. कालपासून बेशुद्ध. डॉक्टर, कालच्या ओव्हरमध्ये दुरुस्ती आहे. बारा वाजता सुई मी दिली, मोजून दिली. त्यानंतर दुपारपाळीत कुणीही सुई दिलेली नाही. जेवण मी पाहिलं असं मी काल सांगितलं. ते खोटं होतं. मी पाहिलं नव्हतं.”

“म्हणजे?” डॉक्टर म्हणाले.

“सिस्टर,” भांबळ सिस्टर एकदम म्हणाल्या, “हे आपण आत ऑफिसात बोलू.”

“नाही. तुम्ही लिहा. डावीकडे लिहा.”

“अहो, ऐका माझं...”

“मला नीट सांगू द्या,” मी म्हणाले. माझा आवाज स्थिर होता. खरं सांगते, इतक्या तासांनी मला पहिल्यांदा श्वास पुरत होता. “मुलगी काल जेवली नाही. सुई घेतली आणि काही खाल्लं नाही. रंग निळा यावा आणि घरी जायला मिळावं म्हणून. तिचं सगळं जेवण तिच्या आईने खाल्लं. आईला माहीत नव्हतं. साखर त्यामुळे उतरली.”

माझं बोलून झालं. भांबळ सिस्टरांनी लिहिलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या खाटेच्या पलीकडे, खाली बघत होत्या.

मी वाकून पाहिलं. खाट आणि भिंत यांच्यामध्ये, जमिनीवर, केवळाबाई बसली होती. मूल अत्यवस्थ म्हणून भांबळ सिस्टरांनी तिला थांबू दिलं होतं. सोजरच्या कपाळावर ठेवायची पाण्याची घडी ती पिळत होती. घडी पिळणारे हात तसेच राहिले होते. घडीतलं पाणी कधीच संपलं होतं.

“केवळाबाई,” मी म्हणाले.

ती उठली. घडी सोजरच्या कपाळावर ठेवली, नीट केली, कडा आत दुमडल्या. मग भिंतीला हात धरत धरत वॉर्डच्या दारापर्यंत गेली आणि पायरीवर बसली.

भांबळ सिस्टरांवर काही आलं नाही. माझी वार्षिक पगारवाढ रोखली आणि बदली झाली, तीही तीन महिन्यांनी. भांबळ सिस्टरांनी माझ्याशी कधी अबोला धरला नाही. एकदाच, हातरुमालाची घडी घालत म्हणाल्या, “मी तुम्हाला माझ्यासाठी थांबवत नव्हते.” मी म्हटलं, “कळलं मला.” तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

सोजर मंगळवारपर्यंत होती. त्या चार दिवसांत केवळाबाईने इस्पितळात काही खाल्लं नाही. यमुनामावशी, आमची आया, तिच्यापुढे घरची भाकरी ठेवायची आणि तशीच उचलायची. मीही एकदा ठेवली. केवळाबाईने ती भाकरी दोन्ही हातांनी उचलली, माझ्या हातात परत दिली आणि सोजरकडे तोंड करून बसली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. राग असता तर मला उभं राहायला जागा मिळाली असती.

मंगळवारी सकाळी सोजर गेली. गावाहून बैलगाडी आली. डोळ्यांनी कमी दिसणारा बाप गाडीच्या चाकाला धरून उभा होता आणि येईल त्याला विचारत होता, “पोरगी आनली का? पोरगी आनली का?” यमुनामावशीने आणि मी तिला गाडीत ठेवलं. पांढऱ्या चादरीत ती फारच लहान दिसत होती. केवळाबाई गाडीत बसली आणि सोजरचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

मी गाडीच्या दांडीला हात लावला.

“केवळाबाई, चूक माझी होती. मी बघायला हवं होतं. तुझा काही दोष नाही.”

बाप चाचपडत वर चढला. गाडीवानाने कासरा हातात घेतला.

“भाजीला मीठ न्हवतं त्या दिशी,” केवळाबाई म्हणाली. “मी पोरीला म्हनले, आळणी हाय गं. तर हसली. म्हनली, घरी गेल्यावं तू कर चांगली. आन् दुसरा घास घातला.”

“केवळाबाई...”

“तुमी ह्ये मला कशाला सांगितलं, बाई?”

“मी तुला नव्हते सांगत. मी... डॉक्टरांना सांगत होते.”

“तुमी सांगितलं नसतं,” ती म्हणाली, “तर तेवढं जेवन तरी माझ्यापशी राहिलं असतं.”

गाडीवानाने बैलांना हाक दिली. मी दांडीवरचा हात काढायला विसरले होते, तो गाडीबरोबर चार पावलं ओढला गेला.